डाव्या इंडिकेटरचा कौल

पालीच्या तिठ्याजवळ माझं दुकान होतं, तेव्हा गिऱ्हाईक यायच्या आधीच मला त्याची चाहूल लागायची. रस्त्यावरून वळणाऱ्या गाडीचा इंडिकेटर निवांत लागत-विझत असला तर मी मान वर करत नसे. पण दिवा पिसाळल्यासारखा लुकलुकायला लागला की मी हातातला चहा घाईने संपवायचो. पाच-दहा मिनिटांत तो माणूस गाडी वळवून आलाच म्हणून समजा. खिडकीतून डोकं बाहेर काढून म्हणायचा, "ओ वायरमन, ह्याला बघा जरा, येडा झालाय हा!"

अडतीस वर्षं मी गाड्यांची वायरिंग केली. इंजिनवाल्याला लोक मिस्त्री म्हणतात, त्याला मान आहे. आम्ही नुसते वायरवाले. अर्धा जन्म डॅशबोर्डखाली डोकं आणि दाराबाहेर पाय, अशा अवस्थेत गेला. माझी बायको म्हणायची, "तुमचं तोंड गिऱ्हाइकांनी बघितलंय की नाय कोण जाणे, चपला मात्र सगळा तालुका ओळखतो." आता मान आणि गुडघे दोघांनी एकदमच संप पुकारला, म्हणून दुकान बंद केलं. संपादकांनी धंद्यातलं काहीतरी लिहा म्हटल्यावर मोठमोठ्या गोष्टी आठवून पाहिल्या. पेटलेल्या गाड्या, वणव्यासारखा धूर, घाटात बंद पडलेली वऱ्हाडं. पण मन फिरून फिरून त्या लुकलुकणाऱ्या इंडिकेटरपाशीच येत राहिलं. तर तेच लिहितो.

आधी ते प्रकरण समजून घ्या, म्हणजे पुढे मी कुठे शेण खाल्लं ते कळेल. गाडीच्या प्रत्येक बाजूला इंडिकेटरचे दोन मोठे बल्ब असतात, एक पुढे, एक मागे. त्यांना लावायचं-विझवायचं काम फ्लॅशर नावाची काड्यापेटीएवढी डबी करते. दोन्ही बल्ब मिळून किती करंट ओढतात यावर तिचं लक्ष असतं. एक बल्ब गेला की करंट कमी होतो आणि डबी घाई करायला लागते. टक्... टक्... च्या जागी टकटकटकटक. हा डबीचा बिघाड नव्हे, ही डबीची हाक आहे. मागचा बल्ब गेलेला ड्रायव्हरला बसल्या जागी दिसत नाही, म्हणून ती कानाशी बोंबलते की बाबा रे, एक गेला, उतरून बघ. आणि आमची माणसं काय करतात? बोंबलणारीलाच काढून टाकतात.

एकदा गणपतीला मुंबईहून आलेला एक चाकरमानी तणतणत माझ्याकडे आला. तीन वेळा फ्लॅशर बदलून झालेला, तरी गाडी लुकलुकतेच. मी मागे जाऊन पाहिलं तर त्याने हौसेने पांढरेशुभ्र एलईडी बल्ब बसवलेले. एलईडी करंट ओढतो चिमूटभर. डबीला बिचारीला वाटतं, बल्ब नाहीतच.

"काका, हे लेटेस्ट आहेत," तो म्हणाला.

"लेटेस्ट आहेत रे, पण डबी जुन्या वळणाची आहे. तिला पोटभर खाणारी माणसं लागतात."

मी त्याच्याच डिकीतले काढून ठेवलेले जुने पिवळे बल्ब परत लावले आणि गाडी गप्प झाली. तो मात्र गप्प झाला नाही. जाईपर्यंत त्याचं एकच चाललं होतं, की मुंबईत एवढ्या मोठ्या गॅरेजात हे कसं कळलं नाही. मी आपला चेहरा शक्य तितका साधा ठेवला.

पण आमच्या रत्नागिरीकडचा खरा वैरी म्हणजे अर्थ. बल्बपर्यंत गेलेल्या करंटला परत यायला वाट लागते, आणि ती वाट म्हणजे गाडीची लोखंडी बॉडी. बल्बची काळी वायर बॉडीला स्क्रूने आवळलेली असते, तिला आम्ही अर्थ म्हणतो. खारा वारा त्या स्क्रूला खातो. आरे-वारेच्या समुद्रकिनाऱ्यावर हौशी लोक गाड्या थेट पाण्यात घालतात, त्यांचं तर विचारूच नका. आणि मासळीचे टेम्पो! बर्फाचं खारं पाणी दिवसरात्र मागच्या दिव्यांवर ठिबकत असतं.

बंदरावरून कोल्हापूरला मासळी नेणारा दामू हे माझं कायमचं गिऱ्हाईक. त्याचा बाप होडीवर, आजा होडीवर, आणि हा टेम्पोवर, म्हणून घरात त्याला भित्रा म्हणायचे. दर दोन महिन्यांनी त्याचा मागचा दिवा अर्थ सोडायचा आणि दर दोन महिन्यांनी मी त्याला तेच प्रवचन द्यायचो. "दामू, नुसता स्क्रू आवळून काय होणार? आधी घासायचं. लोखंड दिसलं पाहिजे, लोखंड! मग आवळायचं." शेवटी वैतागून मी दुकानाच्या भिंतीवर ऑइलपेंटने लिहूनच टाकलं: आधी घास, मग आवळ. त्याच्या खाली दामूने कधीतरी खडूने मासा काढून ठेवला, तो मी पुसला नाही.

आणि माझी एक बढाई होती. कुणीही विचारो न विचारो, मी सांगायचो, "माझ्या हातची गाडी त्याच फॉल्टसाठी परत आली तर शटर ओढून घरी बसेन."

आता नानांकडे येतो.

नाना म्हणजे पालीपासून चार मैलांवरच्या वाडीतले शाळेचे निवृत्त हेडक्लार्क. टोपी पांढरी, गाडी पांढरी, दोन्हींवर डाग नाही. माणूस सरळ, पण कौलाशिवाय पाऊल उचलणार नाही. ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो. आमच्याकडे मोठं काही करायचं असलं की ग्रामदेवतेला विचारतात. देवाच्या उजव्या-डाव्या अंगाला फुलाच्या पाकळ्या लावतात, गाऱ्हाणं घालतात, म्हणजे सगळी हकीकत देवाला मोठ्याने सांगून प्रश्न विचारतात, आणि जमलेली माणसं "होय महाराजा!" म्हणून साथ देतात. मग उजवी पाकळी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. नानांनी विहीर कौलाने खणली, कलमांची बाग कौलाने राखायला दिली. मोतीबिंदू आधी कुठल्या डोळ्याचा काढायचा हेसुद्धा कौलाने ठरवलं. डॉक्टर उजवा म्हणत होता आणि देवही उजवाच म्हणाला, म्हणून निभावलं.

त्यांची एकुलती एक मुलगी मुग्धा पालीच्या एका पतसंस्थेत होती. एका शुक्रवारी दुपारी ती स्कूटर माझ्या दुकानासमोर लावून आत आली, हेल्मेट डोक्यावर तसंच.

"काका, नाना म्हणतात देवाने डावा दिला."

"कुठे गो, देवळात?"

"देवळात नाही, गाडीत!"

मी तिला स्टुलावर बसवलं. मग सगळं बाहेर आलं. देवरूखच्या कॉलेजात प्रयोगशाळेत काम करणारा एक मुलगा तिला आवडला होता, तिने सहा महिने नानांची मनधरणी केली होती, आणि शेवटी नाना "बघून येऊ" एवढ्यावर राजी झाले होते. आदल्या रविवारी बापलेक गाडी घेऊन गेले. देवरूखपर्यंत सगळं ठीक. मुलाच्या घराकडे वळायला नानांनी डावा इंडिकेटर दिला आणि तो टकटकटकटक करत सुटला. नानांचं तोंडच उतरलं. चहा घेतला, मुलाशी धड बोलले नाहीत, आणि परत येताना म्हणाले, "त्याच्या दारातच डावा पिसाळला. यापेक्षा देवाने आणखी काय सांगायचं?"

मला हसू फुटलं. मुग्धा हसत नव्हती.

"तुम्हाला हसायला काय जातंय काका? परवा रविवारी ते नकार कळवणार आहेत." आणि तिचे डोळे भरून आले.

माझं हसू जागच्या जागी विरलं. म्हटलं, "बल्ब गेला असेल."

"नाना रोज पुसतात दिवे. चारही लागतात."

आणि मग मला आठवलं. शिमग्यात, पंधरा दिवसांपूर्वी, त्या गाडीचा डावा मागचा कोपरा कुणीतरी बाजारात ठोकला होता. तो पत्रा ठोकून, रंगवून आल्यावर दिवा मीच बसवला होता. म्हणजे तिथे काही फॉल्ट असणं शक्यच नाही, असं मी मनाशी ठरवूनही टाकलं.

नानांना फोन केला. ते म्हणाले, "कौलाला वायरमनचा हात लावायचा नाही."

"कौलाला कुठे लावतोय नाना? गाडीला लावतोय. माझ्या कामाची गॅरंटी आहे, एकदा तपासून देऊ दे."

गॅरंटी म्हटल्यावर त्यांच्यातला हेडक्लार्क जागा झाला. शनिवारी सकाळी गाडी दारात हजर. नाना उतरले, पाठोपाठ मुग्धा. दामूचा टेम्पो हॉर्नसाठी आधीच लागला होता, तो चहा पीत बसलेला.

मी चावी फिरवून डावा इंडिकेटर दिला. टक्... टक्... टक्... अगदी सभ्य. पाच मिनिटं ठेवला. दिवा हलवून पाहिला, थापट्या मारल्या, वायर ओढून पाहिली. पुढचा बल्ब काढला, लावला. इंडिकेटर आपला शहाण्या मुलासारखा चालू. एरवी असं झालं की वायरमनला आनंद व्हायला हवा. माझा मात्र जीव टांगणीला लागला, कारण नानांनी हळूच हात जोडले.

"बघितलंस? इथे काही नाही. फक्त त्याच दिवशी, त्याच दारात. आता तरी पटलं?"

मुग्धाने तोंड फिरवलं. दामूसुद्धा चहा प्यायचा थांबला.

आमच्या धंद्यात सगळ्यात वाईट फॉल्ट कोणता, तर जो दुकानात येऊन लपतो तो. त्याला हुडकायचं तर बल्ब बघून भागत नाही, त्या वेळी माणूस काय करत होता ते बघावं लागतं. मी गाडीच्या मागे उकिडवा बसलो आणि विचारलं, "मुग्धा, त्यांच्या घराचं वळण कसं आहे गो?"

"उतार आहे काका. चांगली घसरण आहे. खाली उतरलं की लगेच डावीकडे."

"नाना, वळताना पाय कुठे होता तुमचा?"

"ब्रेकवर! उताराला काय ॲक्सिलेटरवर ठेवू?"

"मुग्धा, बस आत. ब्रेक दाब."

तिने दाबला. टकटकटकटकटक!

"सोड." टक्... टक्...

"दाब." टकटकटकटक!

दामू टाळ्या पिटायला लागला. सपाटीला नानांचा पाय वळताना ब्रेकवरून निघत होता. त्या उतारावर तो निघालाच नव्हता. आणि पंधरा दिवसांत गाडी शेडबाहेर दोनदाच पडलेली. मी मोठ्या तोऱ्यात मागचा दिवा उघडला आणि आत पाहिलं मात्र, माझा तोरा तिथेच गळाला.

काळ्या वायरची चकती नव्या चकचकीत पांढऱ्या रंगावर बसली होती. रंगातून करंट जात नाही. स्क्रूच्या दोन-तीन आट्यांतून काय ती चिंचोळी वाट होती. एकटा इंडिकेटर तेवढ्यात भागवत होता. ब्रेकचा दिवाही त्याच वाटेने परत येणारा. दोघे एकदम आले की गर्दी, इंडिकेटरला पुरेसा करंट मिळेना, आणि डबीला वाटे बल्ब गेला. दोन मिनिटं घासपेपर मारला असता तर काही झालं नसतं. मी मारला नव्हता. कारण त्या दिवशी आमच्या वाडीत पालखी यायची होती, पालखीला खांदा द्यायचा मान आमच्या घराचा, लांबून ढोल ऐकू यायला लागला होता, आणि मी स्क्रू आवळून पळालो होतो.

आता खरं सांगतो. माझ्या मनात आलं, गुपचूप घासावं, आवळावं आणि म्हणावं, वायर सैल झाली होती. कुणाच्या बापाला कळणार होतं? पण वायर आपोआप सैल झाली म्हटलं असतं तर नाना म्हणाले असते, आपोआप काही होत नाही, देवानेच केली. माझी बढाई राहिली असती आणि पोरीचं लग्न गेलं असतं. मी गाडीच्या बाजूच्या आरशात बघितलं. मुग्धा ब्रेकवर पाय ठेवून, स्टिअरिंग घट्ट धरून बसली होती.

"नाना," मी म्हटलं, "हे माझं काम. रंगावरच अर्थ आवळलाय. घासलंच नाही."

दामूने शांतपणे भिंतीवरची पाटी मोठ्याने वाचली. "आधी घास, मग आवळ." मग म्हणाला, "भाऊ, शटर ओढायला मदत करू काय?"

"गप रे मेल्या!"

नाना वाकून बघत होते. "घासलं का नाही?"

"पालखीची घाई होती. ढोल ऐकला आणि पळालो."

नाना ताठ उभे राहिले. त्यांचे डोळे चमकले. "म्हणजे पालखीने तुझी घाई केली. पालखीत कोण बसतो? मग ही चूक कोणी घडवली, सांग!"

घ्या! माझ्या अब्रूचं खोबरं करून वर मीच त्यांच्या हातात पुरावा दिला होता. तेव्हा मात्र माझं डोकं फिरलं. नानांसमोर मी कधी आवाज चढवला नव्हता, त्या दिवशी चढवला.

"नाना, माझा आळस देवाच्या माथी मारू नका! वीस वर्षं पालखी खांद्यावर घेतोय मी. तुम्ही कौल मागितला होतात? गाऱ्हाणं घातलं होतंत? न विचारता देव बोललेला मी तरी ऐकला नाय. हा कौल नव्हे, हा माझा स्क्रू आहे!"

नाना पडले नियमाचे माणूस. नियमात बसत नव्हतं, हे त्यांना कळलं. टोपी काढली, परत घातली.

"गाऱ्हाणं घातलं नव्हतं, हे खरं," ते म्हणाले. "मग उद्या देवळात जाऊन रीतसर विचारतो."

झालं! पाकळी ती, इकडे पडेल नाहीतर तिकडे. तिथे घासपेपर चालत नाही. तेवढ्यात गाडीतून मुग्धाचा आवाज आला.

"नाना, देवाला विचाराल. त्याच्या आधी मला विचाराल काय?"

नुसतं टकटकटकटक चाललेलं.

"आधी ब्रेकवरचा पाय काढ," नाना म्हणाले.

"नाही काढत. विचारा."

नानांनी घसा खाकरला. इकडे बघितलं, तिकडे बघितलं. मला वाटतं मुलीला प्रश्न कसा विचारतात ते त्यांना ठाऊकच नव्हतं, म्हणून त्यांना जी एकच रीत येत होती ती त्यांनी धरली. हात पुढे जोडून, देवळातल्या त्याच चढ्या सुरात ते म्हणाले, "बरं तर. हा देवरूखचा मुलगा तुझ्या मनात भरलाय, त्याच्या घरी सुखाने नांदायचं तुझ्या मनात आहे, हे खरं काय?"

मुग्धाने खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"होय महाराजा!"

"होय महाराजा!" दामू टेम्पोवरून ओरडला. शेजारच्या किराणा दुकानातून दोघंतिघं बाहेर आले, त्यांना काय चाललंय ठाऊक नव्हतं, पण गाऱ्हाणं म्हटल्यावर तेही ओरडले, "होय महाराजा!" मी ओरडलो की नाही ते आठवत नाही. डोळ्यांत पाणी आलं होतं, ते मात्र आठवतं. नाना बराच वेळ रागावल्यासारखा चेहरा करून उभे होते, मग त्यांच्या मिशा हलायला लागल्या.

मी घासपेपर घेतला, लोखंड दिसेपर्यंत घासलं, आवळलं. मुग्धाने ब्रेक दाबला. टक्... टक्... टक्...

रविवारी फोन गेला तो होकाराचा. त्या संध्याकाळी नाना देवळात गेले, पण विचारायला नाही, सांगायला. मे महिन्यात लग्न झालं. देवरूखच्या त्या उतारावरून वरात उतरताना पुढच्या गाडीत नाना होते. हात खिडकीबाहेर काढून ते सारखे मागचा डावा दिवा दाखवून मला खुणा करत होते की ठीक आहे, ठीक आहे.

पण त्या शनिवारी नानांची गाडी गेल्यावर मी दुकानात एकटाच बसलो होतो. माझी मुलगी सुजाता पनवेलला असते, दोन मुलं आहेत, जावई भला माणूस. तिच्या वेळी मीही कौल लावला होता. उजवी पाकळी पडली तेव्हा एवढा आनंद झाला की देवळातच साखर वाटली. सुजाता त्या वेळी घरी होती, भाकऱ्या करत होती. मी घरी आल्यावर तिला सांगितलं.

मी तिला फोन लावला. मुग्धाची सगळी हकीकत सांगितली, ती पोट धरून हसली. मग मी म्हटलं, "सुजाता, तुझ्या वेळी तुला विचारलं असतं तर काय म्हणाली असतीस?"

पलीकडे कुकरची शिट्टी झाली. ती संपेपर्यंत ती थांबली.

"हो म्हटलं असतं, बाबा. पण ते मी म्हटलं असतं."

मी विचारलं, "जेवलीस काय?"